समोरच्यांच्या अकरा सुपाऱ्या

बाराव्याच्या आदल्या दिवशी सरांचा पुतण्या दानाची यादी घेऊन माझ्याकडे आला. तो माझा जुना विद्यार्थी. आता त्याचे केस पिकले आहेत, पण माझ्या दारात आला की अजूनही हात मागे बांधून उभा राहतो. यादी गुरुजींनी लिहून दिली होती. छत्री, काठी, तांब्या, कंदील, घोंगडी, चपला. पुढच्या वाटेवर गेलेल्या माणसाला लागतात म्हणून या वस्तू कुणाला तरी द्यायच्या असतात. इतर वस्तूंपुढे पुतण्याने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. चपलांपुढे मात्र प्रश्नचिन्ह होते.

"बाई," तो म्हणाला, "काकांचा नवस फिटला होता का हो?"

"का रे?"

"फिटला असेल तर चपला आणतो. नसेल तर काका तिकडेही घालायचे नाहीत. काखोटीला मारून चालत राहतील."

मी त्याला चहा दिला आणि उद्या सांगते म्हटले. उत्तर मला माहीत होते, पण ते एका वाक्यात मावणारे नव्हते. म्हणून आता सगळे सावकाश लिहून काढते आहे.

मुलुंडच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा सर तिथे भूगोल शिकवत होते. त्या वेळचे मुलुंड म्हणजे पूर्वेला मिठागरे, पश्चिमेला डोंगर आणि मध्ये आखून काढलेले सरळ रस्ते. त्या रस्त्यांवर माणसांपेक्षा म्हशींची वर्दळ जास्त. सर मिठागरांच्या बाजूला एका खोलीत राहत. पांढरेशुभ्र धोतर, गळाबंद कोट, काळी टोपी आणि खाली उघडे पाय. पहिल्या दिवशी मला वाटले, कुणाच्या तरी सुतकात असतील. दुसऱ्या दिवशी वाटले, चप्पल तुटली असेल. आठवडा झाल्यावर मी शेजारच्या खुर्चीवरच्या शास्त्रीबुवांना हळूच विचारले. शास्त्रीबुवा संस्कृत शिकवत आणि उरलेला वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत.

"नवस आहे त्यांचा," शास्त्रीबुवा म्हणाले.

"कशासाठी?"

"फुटबॉलसाठी."

मला शास्त्रीबुवा थट्टा करतात असे वाटले.

पण ते खरे होते. स्वातंत्र्यानंतर लगेचच सरांनी शहरात जाऊन आपल्या राष्ट्रीय संघाचा एक सामना पाहिला होता. आयुष्यात पाहिलेला तो त्यांचा एकुलता एक सामना. आपले खेळाडू अनवाणी खेळत होते. समोरच्यांच्या पायांत बूट होते आणि ते बूट पुन्हा पुन्हा आपल्या बोटांवर पडत होते. आपण हरलो. सर मुलुंडला परत आले, स्टेशनाजवळच्या गणपतीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आपण यांना मैदानात हरवेपर्यंत मी पायात वहाण घालणार नाही." चपला त्यांनी देवळाच्या पायरीपाशीच ठेवल्या. त्या कुणीतरी त्याच संध्याकाळी नेल्या, आणि हा देवाने नवस स्वीकारल्याचा पुरावा आहे असे सर मानत.

तो देश कोणता हे मी इथे लिहीत नाही, कारण सरांनी त्याचे नाव कधी उच्चारले नाही. ते 'समोरचे' म्हणत. "ज्याच्याशी खेळायचं, तो तेवढ्यापुरता कुठल्या देशाचा नसतो, बाई. तो फक्त समोरचा असतो," असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे दोन-तीन वर्षांनी आपले खेळाडूही बूट घालून खेळू लागले. ती बातमी घेऊन नववीची मुले धावत आली. "सर, सर! आता टीमपण बूट घालते. तुम्ही एकटेच राहिलात."

"त्यांनी कुठे नवस केलाय?" सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

त्यांचे पाय पाहण्यासारखे होते. बोटे पंख्यासारखी पसरलेली, टाचा विटेसारख्या. वैशाखात डांबर पातळ व्हायचे तेव्हाही ते चालत. कुठल्या रस्त्याची कुठली बाजू किती वाजता सावलीत असते याचा नकाशा त्यांनी तयार केला होता आणि तो मधल्या सुट्टीत मुलांना शिकवलाही होता. शाळेची सहल पवईच्या तळ्यावर गेली, तेव्हा त्यांच्या तळपायात काटा मोडला. त्यांनी एका मुलीच्या कंपासपेटीतला कर्कटक मागून घेतला, काटा काढून उन्हात धरला आणि म्हणाले, "बाभूळ. म्हणजे इथं पाणी वर दिसतं, पण जमीन कोरडी आहे. लिहून घ्या." चाळीस मुलांनी वह्या काढून ते लिहून घेतले.

शाळेच्या फाटकाशी एक फळा होता. त्यावर रोज एक सुविचार लिहिण्याचे काम हेडसरांनी सरांना दिले होते. आठवडाभर सत्य, श्रम, वेळेचे महत्त्व असे चालले. पुढच्या सोमवारी फळ्यावर मथळा आला, 'पूर्वविवेचन'. खाली आपला संघ परदेशात कुणाशी तरी खेळणार होता त्या सामन्याची चर्चा. तेव्हापासून आपला कुठेही सामना असला की फळ्यावर पूर्वविवेचन येई, आणि सुविचार बिचारा कोपऱ्यात चौकटीत जाई.

ही विवेचने मी इतर कुठे वाचलेली नाहीत. सरांना खेळाडूंची नावे ठाऊक नसत, खेळाचे डावपेच ठाऊक नसत. त्यांना फक्त भूगोल ठाऊक होता, आणि तो पुरेसा आहे असा त्यांचा विश्वास होता. 'समोरच्यांच्या प्रदेशात पाऊस बारमाही. त्यामुळे निसरड्या जमिनीवर तोल सांभाळणे त्यांना जन्मतः येते. आपल्या बचावफळीत गहू खाणारे अधिक आहेत. गहू खाणारा वेगाने धावतो, परंतु त्याला वळायला वेळ लागतो. भात-मासे खाणारा हळू धावतो, पण कुठेही वळतो.'

हे वाचून एका मुलाचे वडील, मालवणकडचे, गिरणीत काम करणारे, थेट शिक्षकांच्या खोलीत आले. "मास्तरांनू, भात-मासे खाणारे भारी, असा लिवलास ना? मगे आमच्या झिलाक टीमीत घेवक सांगा. तो तर रोज वळता. शाळेकडे निघता आणि खाडयेकडे वळता."

सर गंभीरपणे म्हणाले, "त्याची नोंद घेतो." आणि खरोखरच वहीत नोंद केली.

पण सरांचा खरा विक्षिप्तपणा निराळाच होता. ते निकाल वाचत नसत. सामना झाल्यावर कुणी काही सांगू लागले की हात वर करून थांबवत. "उद्या काय होईल याचा विचार करणं म्हणजे शिक्षण. काल काय झालं ते पाठ करणं म्हणजे इतिहास," असे ते म्हणत आणि इतिहासाचे मास्तर खोलीत असतील तर जरा मोठ्याने म्हणत. त्यामुळे त्यांची भाकिते खरी ठरली की खोटी, हे त्यांना कधीच कळले नाही. मला कळायचे. बहुतेक खोटी ठरत. अपवाद एकच होता. समोरच्यांना आपण हरवले तर ते मी त्यांना सांगायचे, कारण नवसाचा प्रश्न होता. हे काम त्यांनी माझ्याकडे दिले होते. "तुम्ही कमी बोलता. चुकून भलतं सांगणार नाही," एवढेच कारण त्यांनी दिले.

मग ते वर्ष आले.

पावसाळा संपता संपता हेडसरांनी सगळ्या शिक्षकांना बोलावले. शाळेची तपासणी होणार होती. मागच्या तपासणीत 'एक शिक्षक अनवाणी आढळले' असा शेरा पडला होता आणि हेडसरांनी तो एखाद्या जखमेसारखा जपून ठेवला होता.

"यंदा सगळ्यांच्या पायात वहाणा पाहिजेत," ते म्हणाले. "कोल्हापुरी चालेल, बूट चालतील, रबरी चालेल. काहीच नसेल, तर त्या माणसानं वर्गावर जायचं नाही आणि त्यानंतर शाळेत यायचंच नाही. मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव घेण्याची गरज नव्हती. आम्ही सगळे सरांच्या पायांकडे पाहत होतो. सरही आपल्या पायांकडे पाहत होते.

सरांना बायको-मुले नव्हती. भाऊ गावाला, पुतण्या आमच्याच शाळेत. वर्ग हेच त्यांचे घर होते. सुट्टीच्या दिवशीही ते शाळेत येऊन नकाशांची धूळ झटकत. त्यांना वर्गाबाहेर काढणे म्हणजे काय, हे हेडसरांनाही समजत होते. ते मनाने वाईट नव्हते, फक्त शेऱ्याला घाबरत.

आणि तेवढ्यात पेपरात बातमी आली. मोठ्या स्पर्धेत जायचे तर आपल्या संघाला आधी एक पात्रता सामना जिंकावा लागणार होता. समोर होते समोरचेच. सामना रविवारी आणि तपासणी त्यानंतरच्या मंगळवारी. आपण जिंकलो की नवस फिटणार, सर चपला घालणार, शाळा वाचणार. शाळेत ज्याला फुटबॉल गोल असतो एवढेच माहीत होते, तोही देव पाण्यात घालून बसला.

सरांनी दोन आठवडे पूर्वविवेचन लिहिले. रोज नवा भाग. वारे, आर्द्रता, समोरच्यांच्या नद्यांची लांबी, आपल्या मैदानावरच्या गवताची जात. फाटकाशी पालक थांबून वाचू लागले. म्हशी घेऊन जाणारे भय्ये थांबून वाचून घेऊ लागले. शेवटच्या भागात निष्कर्ष येणार होता. त्या सकाळी हेडसर स्वतः खडू घेऊन सरांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"दोनच शब्द लिहायचेत, सर. 'आपण जिंकू.' लिहा आणि मोकळे व्हा."

"पण मला तसं वाटत नाही."

"अहो, तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच," सर म्हणाले. "माझी नोकरी टिकावी म्हणून आपण जिंकू असं लिहिलं, तर ते भाकीत राहत नाही. अर्ज होतो."

आणि त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले, 'निष्कर्ष : समोरचे जिंकण्याचा संभव अधिक. आपण जिंकावे ही इच्छा.'

हेडसर तिथेच कट्ट्यावर बसले. "देशाची वाट लागो, माझी वाट लागो, पण यांच्या पावसाचा अंदाज चुकता कामा नये," असे काहीसे ते पुटपुटले.

शनिवारी सकाळी तेच हेडसर धापा टाकत शिक्षकांच्या खोलीत आले. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात स्वतःचे जुने बूट. "समोरचे येत नाहीत! प्रवासाचं जमलं नाही म्हणे. आपण न खेळता पात्र! सर, जिंकलात तुम्ही! घाला हे."

खोलीत टाळ्या वाजल्या. सर बुटांकडे पाहत राहिले.

"हेडसर, मी 'मैदानात हरवेपर्यंत' असं बोललोय. जे मैदानात आलेच नाहीत, त्यांना हरवलं असं देवाला कोणत्या तोंडानं सांगू?"

"देव पेपर वाचत नाही हो!"

"मग तर त्याला फसवणं फारच वाईट."

अडकित्त्याचा आवाज तेवढा चालू होता. मग तोही थांबला आणि शास्त्रीबुवांनी घसा साफ केला.

"यावर तोड आहे. धार्मिक कार्याला यजमानाची बायको हजर नसेल तर काय करतो आपण? कमरेला सुपारी खोचतो. सुपारी म्हणजे बायको. कार्य यथासांग होतं. इथं बायको नाही, अकरा पुरुष गैरहजर आहेत. अकरा सुपाऱ्या मांडा आणि सामना खेळा. जिंकलात की नवस फिटला. शास्त्राची जबाबदारी माझी."

सरांनी एक सुपारी उचलून निरखली. "सुपारीला समोरच्यांचे सगळे गुण द्यावे लागतील," ते म्हणाले.

"द्या हो! कुणी अडवलंय?" हेडसर म्हणाले. सुपारीला गुण देऊन काय होणार, अशी त्यांची समजूत होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतल्या लांब मेजावर खडूने मैदान आखले गेले. आपल्याकडून अकरा खडूचे तुकडे, समोरून अकरा सुपाऱ्या, चेंडू म्हणून चिंचोका. आपला संघ हेडसर हलवणार, समोरच्यांचा सर, पंच शास्त्रीबुवा. खेळ पूर्वविवेचनाप्रमाणे व्हायचा. खिडकीच्या गजांना सगळी शाळा लटकली होती.

हेडसर उत्साहाने खेळले. त्यांचे खडू सरळ धावत गेले आणि मेजाच्या कडेवरून दोनदा खाली पडले. "गहू," सर हळूच म्हणाले. सरांच्या सुपाऱ्या सावकाश निघत, मध्येच वळत, आणि चिंचोका कुठून कुठे गेला हे कळायच्या आत तो आपल्या गोलात असे. तरी आपण एक गोल केला. हेडसरांनी टोपी उडवली. मग पंचांनी सवयीने हात पुढे केला, मेजावरची एक सुपारी उचलली आणि कटकन कातरून तोंडात टाकली.

"शास्त्रीबुवा! तुम्ही खेळाडू खाल्लात!" इतिहासाचे मास्तर ओरडले.

"अरेरे," शास्त्रीबुवा चघळत म्हणाले. "कोण होता?"

"डावीकडचा पुढचा," सर म्हणाले. "चांगला होता."

हेडसरांचे डोळे चमकले. समोरचे दहाच उरले होते. पण सरांनी कपाळाला आठी घातली, टोपी काढून बाजूला ठेवली आणि दहा सुपाऱ्या अशा काही निष्ठेने खेळवल्या की मला त्यांच्याकडे पाहवेना. प्रत्येक चालीबरोबर ते आपल्या वर्गापासून एक पाऊल दूर जात होते, आणि तरी त्यांनी एकही चाल मुद्दाम चुकवली नाही. घंटा झाली तेव्हा आपण दोन-एकने हरलो होतो.

"सुपाऱ्यांकडून हरलो," हेडसर सुन्नपणे म्हणाले. "दहा सुपाऱ्यांकडून."

"पाऊस बारमाही आहे त्यांच्याकडे," सरांनी त्यांची समजूत घातली. मग कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून हेडसरांपुढे ठेवला. राजीनामा होता. तो त्यांनी आधीच लिहून आणला होता.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आठवीतल्या पाच-सहा मुलींना थांबवून घेतले. मी फारशी धीट बाई नाही. वाचलेल्या पुस्तकांतली माणसे जे करतात, ते स्वतः करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आम्ही भूगोलाच्या वर्गातले बाक भिंतीला लावले आणि फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत देशाचा नकाशा काढला. बाह्यरेषा गेरूने, नद्या निळ्या खडूने, डोंगर तपकिरी. हिमालय फळ्याखाली आणि दक्षिणेचे टोक थेट उंबरठ्यापाशी. एक मुलगी किनारा काढता काढता थांबली.

"बाई, गोवा?"

"तो अजून आपल्याकडे नाही ना गं. ती जागा कोरी सोड."

"पण आमचं गाव तिथंय, बाई. आजी तिथंच असते." ती खडू हातात धरून बसूनच राहिली.

"मग रंगव," मी म्हटले.

मंगळवारी तपासणीस साहेब आले. मोठे, करकर वाजणारे बूट. हेडसर त्यांच्या मागे घाम पुसत. सर वर्गाबाहेरच उभे होते. आत जायला त्यांना मनाई होती. साहेब तरातरा भूगोलाच्या वर्गाशी आले आणि उंबरठ्यावर थांबले. पुढे पाय टाकायचा तर तो थेट देशावर पडत होता. आत मुले भिंतीच्या कडेने अनवाणी उभी होती. तसे उभे राहायला मी सांगितले होते. साहेबांनी नकाशाकडे पाहिले, स्वतःच्या बुटांकडे पाहिले. मग खाली वाकून नाड्या सोडू लागले. साहेब वाकल्यावर हेडसरांनाही वाकणे भाग होते. त्यांच्या डाव्या मोज्यातून अंगठा पूर्ण बाहेर आलेला होता. बाहेर वहाणांची रांग लागली. ज्याला काही काढावे लागले नाही, असा एकच माणूस तिथे होता.

"हे वर्गशिक्षक का?" साहेबांनी विचारले. "मग बाहेर का? या, शिकवा."

सर आत आले. फरशी पाहून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागले. मग ते गोदावरीच्या उगमापाशी उभे राहिले आणि नदीच्या काठाने चालत चालत शिकवू लागले. त्या पायांनी. मी त्यांना तसे शिकवताना त्यापूर्वी पाहिले नव्हते, नंतरही नाही. साहेब छडीवर हात टेकून ऐकत होते. मध्येच त्यांनी छडीचे टोक किनाऱ्यावर ठेवले.

"हा गोवा ना? आपल्या रंगात?"

हेडसरांनी अंगठा दुसऱ्या पायाखाली लपवला. ती मुलगी रडण्याच्या बेतात होती. आणि सर खोटे बोलणार नाहीत हे मला ठाऊक होते.

सरांनी त्या रंगवलेल्या तुकड्याकडे नीट पाहिले.

"पूर्वविवेचन आहे, साहेब," ते म्हणाले.

"असं? आणि निष्कर्ष काय?"

"आपण जिंकू."

त्यांच्या तोंडून हे शब्द शाळेने पहिल्यांदा ऐकले. हेडसर त्यांच्याकडे डोळे फाडून पाहत राहिले.

तपासणीच्या वहीत शेरा आला, 'भूगोलाच्या वर्गात पादत्राणे बाहेर काढण्याची प्रथा स्तुत्य.' हेडसरांनी तो काचेच्या चौकटीत लावला. राजीनाम्याचे काय झाले असे मी विचारले, तेव्हा त्यांनी मला पुढच्या महिन्याचे वेळापत्रक दाखवले. ते राजीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेले होते. त्यात भूगोलाचे दोन तास जास्त होते.

सरांचे ते भाकीत पुढे काही वर्षांनी खरे ठरले. सर्वांना आनंद झाला, त्यांनाही. पण निकाल कानावर पडला म्हणून थोडी कुरकुर केलीच.

आता पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर.

सर निवृत्त झाल्यानंतर कधीतरी आपण समोरच्यांना हरवले. मैदानात, सगळे खेळाडू हजर असताना. मी सकाळी पेपरात वाचले आणि बाजारात गेले. दुकानातली सगळ्यांत रुंद कोल्हापुरी मागितली. दुकानदार म्हणाला, "बाई, माणसासाठी पाहिजे ना?" ती कागदात गुंडाळून मी मिठागरांकडे निघाले. सर अंगणात उकिडवे बसले होते. मातीत मैदान आखलेले, एका बाजूला खडू, दुसऱ्या बाजूला दहा सुपाऱ्या. अकरावी त्यांनी कधी भरून घेतली नव्हती.

"या, बाई. बरं झालं आलात. समोरच्यांशी सामना आहे. उद्या आहे की परवा, ते विसरलो, पण विवेचन पूर्ण झालंय. या खेपेला आपण जिंकू असं दिसतं. सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. आपल्या संघात भात खाणारे वाढलेत."

त्यांचा चेहरा उजळला होता. आयुष्यभर समोरच्यांच्या बाजूने गेलेला पाऊस त्यांना पहिल्यांदाच आपल्या बाजूला पडताना दिसत होता. मी उभी राहिले. सांगणे माझे काम होते.

"हातात काय आहे?" त्यांनी विचारले.

"वह्या," मी म्हटले. "तपासायच्या आहेत."

सरांनी मान डोलावली. एक सुपारी उचलून दोन बोटे मागे सरकवली. मग वर न पाहता म्हणाले, "हल्लीच्या वह्यांना चामड्याचा वास येतो, नाही?"

मी पुडके पदराखाली घेतले. बराच वेळ ते मला आपण कसे जिंकणार हे समजावून सांगत राहिले, आणि मी ते ऐकले. परत निघताना त्यांनी फाटकापर्यंत सोबत केली, उघड्या पायांनी, रस्त्याच्या सावलीच्या बाजूने.

तेव्हापासून ती कोल्हापुरी माझ्या कपाटात पुस्तकांच्या मागे होती. बाराव्याच्या दिवशी मी ती घेऊन गेले.

"म्हणजे फिटला होता?" पुतण्याने विचारले.

"फिटला होता. त्यांना माहीतही होतं."

"मग घातल्या का नाहीत?"

"मी सांगितलं नव्हतं ना," मी म्हटले. त्याला ते कळले नाही, आणि मला याहून नीट सांगता येईना.

आत गुरुजींनी विधीसाठी सुपाऱ्या मागितल्या. पुतण्याने फळीवरचा डबा काढून उघडला आणि मी जवळजवळ ओरडलेच, "त्या नको! ते समोरचे आहेत." गुरुजींनी माझ्याकडे पाहिले आणि बाजारातून दुसऱ्या सुपाऱ्या आणवल्या. डबा आता माझ्याकडे आहे.

दान आटोपल्यावर गुरुजींनी छत्री उघडली, काठी घेतली आणि कोल्हापुरीत पाय घातले. गुरुजी किरकोळ बांध्याचे. त्यातल्या एका चपलेत त्यांचे दोन्ही पाय मावून वर जागा उरली असती. फटाक फटाक करत ते रस्त्याला लागले. आम्ही दारात उभे राहून पाहत होतो. वळणापर्यंत ते कसेबसे गेले, तिथे थांबले, खाली वाकले, चपला काखोटीला मारल्या आणि अनवाणी चालू लागले.

दुपारचे चार वाजले होते. ते डाव्या बाजूने गेले. तिथे सावली होती.